सोळा बॉल, एक आकडा आणि माझी फसवणूक

पूल म्हणजे टेबलावर क्यूने, म्हणजे लांब काठीने, बॉल मारून खेळायचा खेळ. त्याच्या बॉलचा वापरलेला संच घेताना मी वजन विचारलं होतं, हे आधीच सांगतो. तरीही फसलो, कारण उत्तर कसं आलं याकडे मी नीट पाहिलं नाही.

जाहिरातीत ‘फिनॉलिक रेझिन (म्हणजे चांगल्या बॉलचं कडक प्लास्टिक), स्पर्धेच्या दर्जाचा, एकाच संचातले सोळाही बॉल’ असं लिहिलं होतं. मी वजन विचारल्यावर विक्रेत्याने लगेच फोटो पाठवला. सगळे बॉल एकत्र काट्यावर, आकडा २६०० ग्रॅम. सोबत हिशोबही आला: एका बॉलचे एकशे साडेबासष्ट ग्रॅम. नियमाप्रमाणे पूलचा बॉल १५६ ते १७० ग्रॅमचा आणि ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा हवा, एवढं मला माहीत होतं. आकडा बरोबर मधोमध बसत होता. पांढऱ्यावर, म्हणजे क्यूने मारायच्या बॉलवर, लाल ठिपके होते, तेही त्याने आवर्जून दाखवले. ठिपक्यांमुळे बॉल कसा फिरतोय ते दिसतं, वजनाशी त्यांचा काहीही संबंध नाही. त्या क्षणी मात्र मला ते खरेपणाचं चिन्ह वाटलं.

पुढचे दोन महिने मी स्वतःलाच दोष देत होतो. समोरासमोर मारलेला स्टॉप शॉट जागीच थांबायला हवा, पण माझा पांढरा दरवेळी थोडा पुढे सरकायचा. ड्रॉ, म्हणजे आदळल्यावर पांढरा मागे येणारा फटका, घ्यावा तर तो मागे यायला तयारच नसायचा. मी क्यूची टिप बदलली, उभं राहण्याची पद्धत बदलली, हात ढिला ठेवून पाहिला. सरावाचे तास त्यात गेले, आणि त्याचाच राग मला सगळ्यात जास्त आहे.

एकदा जोडीदाराने त्याचा पांढरा बॉल आणला आणि पहिलाच स्टॉप शॉट जागेवर थांबला. घरी येऊन मी काटा काढला. बॉल घरंगळू नये म्हणून बाटलीचं झाकण उलटं ठेवलं, काटा शून्यावर आणला आणि एकेक बॉल मोजला. रंगीत बॉल १५१ पासून १६७ पर्यंत कसेही पसरलेले. पांढरा १८६!

एकत्र वजनात हेच लपलं होतं. हलक्यांची तूट जड पांढऱ्याने भरून काढली आणि सरासरी शहाण्यासारखी दिसली. व्हर्नियरने मोजलं तर काही बॉलचा व्यास ५६.६ पर्यंत उतरलेला. अर्धा मिलिमीटर किरकोळ वाटतो, पण तेवढ्या झिजेने १७० ग्रॅमच्या बॉलचे चारेक ग्रॅम जातात. बाकीचा फरक मालाचा असणार: दोन-तीन संचांतले उरलेले बॉल एकत्र केलेले, त्यात स्वस्त पॉलिएस्टरचेही. पांढरा तर नाणं टाकून खेळायच्या टेबलाचा वाटतो. पॉकेटात गेलेला पांढरा वेगळा काढून परत देता यावा म्हणून तसल्या काही टेबलांवर जड, मोठा किंवा चुंबकाने ओढला जाणारा बॉल वापरतात.

दोन्ही बॉल सारख्या वजनाचे असतील तरच पांढरा आपला सगळा वेग समोरच्याला देऊन थांबतो. १८६ चा बॉल १६१ च्या बॉलवर सरळ आदळला की साधारण चौदावा हिस्सा वेग स्वतःकडेच ठेवतो. पांढरा हलका असेल तर उलट होतं, तो मागे उडतो आणि आपला ड्रॉ सुधारलाय असा भ्रम होतो.

विक्रेत्याला सगळी वजनं पाठवली. ‘मी एकूण वजन सांगितलं होतं, ते बरोबरच आहे,’ एवढंच उत्तर आलं. पैसे परत मिळाले नाहीत.

दुसरा संच घेताना मी प्रत्येक बॉलचा काट्यावरचा वेगळा फोटो मागितला. दोघांनी त्यानंतर उत्तरच दिलं नाही. तिसऱ्याने सोळाही पाठवले: सगळ्यात हलका १६७, सगळ्यात जड १६९, पांढरा १६८. घरी आल्यावर मी ते सगळे पुन्हा मोजले, आणि मगच टेबलावर मांडले.