शाश्वत विकासाचे शिक्षण: शाळेपासून की प्रदेशापासून?

१९९४ पासून चालत आलेली इको-स्कूल्स ही पर्यावरण शिक्षणाची आंतरराष्ट्रीय योजना एकेका शाळेला हाताशी धरते. सात टप्पे, विद्यार्थ्यांची समिती, शेवटी गौरव म्हणून शाळेला हिरवा झेंडा. सुरुवात सोपी.

संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या पुढाकारातून उभी राहिलेली प्रादेशिक तज्ज्ञता केंद्रे, म्हणजे आरसीई, निराळी. नावात केंद्र असले तरी ती इमारत नव्हे. विद्यापीठे, शाळा, स्थानिक प्रशासन, संग्रहालये, स्वयंसेवी संस्था यांचे, एका प्रदेशात शाश्वत विकासाच्या शिक्षणासाठी विणलेले ते जाळे. पहिल्या सात केंद्रांना २००५ मध्ये मान्यता मिळाली. नदीचे प्रदूषण काही शाळेच्या कुंपणाशी थांबत नाही, म्हणून मला हीच वाट अधिक पटते. मात्र समन्वयाला खमका माणूस हवाच, नाहीतर नुसत्या बैठकाच होतात. तेवढे बळ नसेल, तर आधी झेंड्याच्या मागे लागावे.