आठ महिने कानात पाव्हणे : परभणी-नांदेड अप-डाऊनमध्ये ऐकलेले कॉमेडी पॉडकास्ट

आधीच सांगतो, मी काय या विषयातला तज्ज्ञ बिज्ञ नाही. परभणी ते नांदेड रोजचं अप-डाऊन, जायला सव्वा तास यायला सव्वा तास, अन् पूर्णेला क्रॉसिंगला गाडी उभी राहिली तर मग काही खरं नाही. मागच्या जूनपर्यंत आमचा डब्यात पत्त्यांचा ग्रुप होता, पण दोघांची बदली झाली, एकजण रिटायर झाला, अन् राहिलो मी एकटा, रम्मी कोणासोबत खेळू? मेव्हणा पुण्याला असतो त्यामुळं त्याला सगळंच माहीत असतं, तो म्हणला दाजी तुम्ही कॉमेडी पॉडकास्ट ऐका, इंग्रजी पण सुधरेल. म्हणलं बघू, बनी तो बनी नाहीतर परभणी. जुलै 2025 ला चालू केलं, आता मार्च लागला, म्हणून लिहायलो.

सामानाचं पटकन उरकतो. एपिसोड रात्री घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा, पिंगळीच्या पुढं रेंज जाते ती पूर्णा येईपर्यंत काही खरी नसते. एक तासाचा ऑडिओ साधारण 55-60 एमबी खातो, तोच यूट्यूबवर व्हिडिओ लावला की पाच-सहापट जातो, अन् बघायचं काय तर चार माणसं माईकसमोर बसलेली. गुगलचं पॉडकास्टचं ॲप माझ्या जुन्या फोनमध्ये कित्येक वर्षं पडून होतं, एकदाही उघडलं नाही, ते 2024 ला बंद पडलं, मग मला शहाणपण सुचलं. इअरफोन गाडीत विकायला येतो त्याच्याकडून घेऊ नका, उजवा कान पंधरा दिवसात गेला, अन् महिनाभर मी बोलणाऱ्यांपैकी एकालाच ऐकत होतो असं मला वाटायचं (नव्हतं तसं, पण वाटायचं).

इंग्रजीचं म्हणाल तर मी मराठी मीडियमचा. पहिले दोन आठवडे सगळे हसायचे अन् मी पुढच्या सीटवरच्या माणसाकडं बघत बसायचो. स्पीड 0.8 वर ठेवला तर सगळे दारू पिऊन बोलायल्यासारखे वाटायचे, पण समजायचं. ऑगस्टमध्ये 1 वर आलो. अमेरिकन बेसबॉल अन् तिथल्या दुकानांवरचे जोक अजून डोक्यावरून जातात, त्याला इलाज नाही.

तर पहिला लावला मार्क मॅरन या अमेरिकन कॉमेडियनचा डब्ल्यूटीएफ नावाचा पॉडकास्ट. हा गडी 2009 पासून आठवड्यातून दोनदा, सोमवारी अन् गुरुवारी, न चुकता एपिसोड टाकायचा, लॉस एंजेलिसला घरच्या गॅरेजमध्ये बसून. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं स्वतःचंच रडगाणं, मांजर आजारी आहे, झोप नाही, अमुक माणूस मला असं कामून बोलला. मला ते लई आवडलं, मेव्हण्याला अजिबात आवडत नाही, तो म्हणतो दाजी ते पुढं ढकलायचं असतं. 2015 ला ओबामा राष्ट्राध्यक्ष असताना त्या गॅरेजमध्ये येऊन बसला होता, शेजाऱ्याच्या छतावर बंदूकवाले उभे. आपल्याकडं पालकमंत्री येणार म्हणलं की दोन दिवस आधी रस्त्यावर डांबर पडतं, ह्यानं गॅरेज झाडलं का नाही काय माहीत. अन् मी ऐकायला लागलो जुलैत, अन् सोळाशेच्या वर एपिसोड झालेला हा पॉडकास्ट ऑक्टोबरमध्ये बंद! शेवटचा पाहुणा परत ओबामाच. सोळा वर्षं चांगलं चाललं होतं हो, माझा पायगुण.

त्यातला हॉलिवूडचा कॉमेडियन रॉबिन विल्यम्सचा 2010 चा एपिसोड मात्र गाडीत ऐकू नका. मी कॉमेडी म्हणून लावला. दारू परत कशी लागली, हार्टचं ऑपरेशन, मनात काय काय येतं, हे सगळं हा माणूस बोलतो अन् मध्येच एकदम चार आवाज काढून हसवतो, अन् परत खाली. तो 2014 ला गेला, तेव्हा मॅरननं तोच एपिसोड परत लावला होता, मी तो ऐकलो. लिंबगाव कधी गेलं कळलं नाही.

त्यानंतर कोनन ओब्रायनचा. टीव्हीवर पंचवीस वर्षं रात्रीचा शो केला, हजारो पाहुणे सोफ्यावर बसवले, अन् शेवटी काय तर मला मित्र पाहिजे म्हणून 2018 ला पॉडकास्ट काढला, नावच तसं आहे. प्रत्येक पाहुण्याला सुरुवातीला सांगावं लागतं, की माझं नाव अमुक अन् कोननचा मित्र व्हायचं म्हणलं की मला असं असं वाटतं. बहुतेक जण काहीतरी तिरकंच बोलतात, लग्नात नाव घ्यायला लावल्यासारखं. पण माझ्यासाठी यातला खरा माल पाहुणे नाहीत, त्याची असिस्टंट आहे, सोना मोव्हसेसियन. ही बाई 2009 पासून त्याच्याकडं नोकरीला, हापिसात बसून सिरीयल बघते अन् हे त्याच्या तोंडावर सांगते, वर जगातली सगळ्यात वाईट असिस्टंट मी, असं पुस्तक पण काढलंय. तो बोलतो, ती उलट बोलते, अन् मॅट गोर्ली नावाचा प्रोड्यूसर मध्ये शांतपणे काडी टाकतो. आमच्या हापिसात साहेबांना यातलं एक वाक्य बोललो तर दुपारच्या आत मेमो हातात. रोज उतरायच्या आधी मी हे मनातल्या मनात बोलून घेतो, बरं वाटतं.

आता पाहुण्यांचा मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहायलो. आठ महिन्यात माझं एकच मत पक्कं झालंय. जेवढा पाहुणा मोठा अन् जेवढं त्याला काही विकायचं असतं, तेवढा एपिसोड बेक्कार. आपल्या घरचंच बघा ना. एक पाव्हणा असतो तो लग्नपत्रिका द्यायला येतो, चप्पल काढत नाही, खुर्चीच्या काठावर बसतो, चहा नको म्हणतो, पत्रिका ठेवतो अन् यायचं बरं का सगळ्यांनी म्हणून निघतो. दुसरा असतो तो काही काम नसताना येतो, सरळ स्वयंपाकघरात पाट घेऊन बसतो, शेंगा फोडत फोडत अशी गोष्ट सांगतो की भाजी करपते. सिनेमा यायच्या आठ दिवस आधी येतो तो पत्रिकावाला. कोननकडं केविन निलन येतो तो पाटावरचा. नव्वदच्या दशकातला टीव्हीचा कॉमेडियन, आज काय फार मोठा स्टार नाही, पण हा गडी हळूच एक वाक्य टाकतो अन् गप्प बसतो, अन् कोननसारखा बोलबच्चन माणूस हसून हसून बेजार. त्याच्या एका एपिसोडला मी चुडाव्याजवळ इतका हसलो की समोरच्या आजीनं पिशवी स्वतःकडं ओढून घेतली.

आपल्या इकडच्या हिंदी-मराठी पॉडकास्टला पण हाच रोग. सिनेमा शुक्रवारी, तर सोमवारपासून तेच दोन हिरो-हिरोईन पाच ठिकाणी, तोच शूटिंगमध्ये पाय घसरला तो किस्सा, अन् पाचही ठिकाणी होस्ट पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसतो. पाचव्यांदा तर मीच पाय घसरायच्या आधी हसलो.

स्मार्टलेसवाल्यांनी यावर एक उपाय काढलाय खरा. जेसन बेटमन, विल आर्नेट अन् शॉन हेज, तिघं ॲक्टर, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये चालू केलं. तिघांपैकी एकजण पाहुणा आणतो अन् बाकी दोघांना माहीतच नसतं कोण येणार, त्यामुळं पाठ करून आणलेले प्रश्न नाहीत. कल्पना एक नंबर. शॉनची एक बहीण आहे ट्रेसी, विस्कॉन्सिनला राहते, तिला सिनेमा लाइनमधलं काही कळत नाही म्हणून मध्येच कोणी अवघड शब्द वापरला की हे थांबतात अन् ट्रेसीसाठी सांगतो म्हणून समजावतात. मी स्वतःला परभणीची ट्रेसी समजतो. पण पाहुणा पण ॲक्टर, हे तिघं पण ॲक्टर, मग तू काय भारी, नाही नाही तूच भारी, हे पंगतीतल्या आग्रहासारखं चालू होतं अन् संपतच नाही. अहो ताटात जिलेबी मावत नाही आता. माझ्याकडून पाचात तीन, त्यातला एक ट्रेसीचा.

ऑफ मेन्यू बद्दल मात्र मी काही वाईट ऐकून घेणार नाही. एड गॅम्बल अन् जेम्स अकॅस्टर, इंग्लंडचे दोन कॉमेडियन, डिसेंबर 2018 पासून. स्वप्नातलं हॉटेल आहे, अकॅस्टर दिव्यातला राक्षस आहे अन् वेटर पण तोच, पाहुण्यानं फक्त सांगायचं की पाणी कोणतं, स्टार्टर काय, मेन काय, सोबत काय, प्यायला काय, गोड काय. मध्येच तो राक्षस जोरात ओरडतो, पापड की ब्रेड! (तिकडं पण पोपाडमच म्हणतात, मला उगंच अभिमान वाटला.) अन् दोघांनी आधीच एक नावडता पदार्थ गुपचूप ठरवलेला असतो, पाहुण्यानं तो मागितला की हॉटेलबाहेर. बस एवढंच. पण खाण्याबद्दल विचारलं की पाहुणा सिनेमा विकायचं विसरतो अन् आजीच्या घरी जातो, असं माझं निरीक्षण आहे. केवढा पण मोठा माणूस असू दे, बटाट्यावर बोलायला लागला की घरचा होतो.

डिसेंबरात येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला शेतात जेवायला, सासुरवाडीला गेलो होतो, औसा तालुक्यात. कोपीसमोर पंगत, भज्जी, उंडे, आंबिलाचं मडकं, खायला वीस-पंचवीस माणसं, अन् जेवण झाल्यावर ज्वारीच्या कडेला सगळे आडवे. मी म्हणलं आपण एक खेळ खेळू. मी राक्षस झालो. बायकोच्या कानात सांगून नावडता पदार्थ ठरवला कारलं. पहिले बसले मामा, म्हणजे बायकोचे मामा, वय सत्तर, धोतर, बोलायला वस्ताद. पाणी कोणतं मामा? विहिरीचं, पण आमच्या नाही, शेजाऱ्याच्या, गोड आहे. पापड की भाकरी, असं मी जोरात ओरडलो तर बैल बिचकले. मामा म्हणले भाकरी, कडक, अन् पापड कोण खातंय रे, ते दवाखान्यातलं काम. स्टार्टरला हुरडा अन् जवसाची चटणी. मेनला तुरीच्या सोल्याची आमटी. सोबत काय मामा? मामांनी डोळे मिटले, अन् म्हणले तुमच्या मामीच्या हातचं कारलं, गूळ घालून. सगळे लेकरं एकदम ओरडले, बाहेर! मामांना वाटलं खरंच काहीतरी चुकलं. उठून बांधापर्यंत गेले बिचारे, अन् तिथून ओरडले, मग गोड तर पाठवा की इकडं!

हे मी कुठल्या पॉडकास्टला ऐकलो नाही अजून.

कॉमेडी बँग बँगला सुरुवातीला मी वैतागलो. स्कॉट ऑकरमन आधी एक खरा पाहुणा आणतो, मग एकेक खोटे पाहुणे येतात, म्हणजे कॉमेडियनच कोणीतरी बनून येतात, अन् तो त्यांची अगदी सिरीयस मुलाखत घेतो. पॉल एफ. टॉम्पकिन्स नावाचा माणूस तर इंग्लंडचा संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर बनून येतो अन् काहीच्या काही बोलतो, मला दोन एपिसोड खरंच तो म्युझिकवाला साहेब आलाय असं वाटलं. पण नंतर कळलं की अरे हे तर आपल्या घरातलंच आहे. आमच्या आण्णांकडं लक्ष्मण देशपांडेंच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला' ची कॅसेट होती, आवाज घासून गेलेली. एकटा माणूस, 52 पात्रं, बायका, म्हातारे, पोरं, सगळं आपल्या मराठवाड्याच्या बोलीत, कॅसेटवर तर तोंड पण दिसत नाही, तरी कोण बोलायलंय ते पहिल्या शब्दाला कळायचं. सर औरंगाबादला विद्यापीठात नाटक शिकवायचे, 2009 ला गेले. मॅरनचा अन् ऑकरमनचा, दोन्ही पॉडकास्ट त्याच वर्षी चालू झाले. याचा त्याच्याशी काही संबंध नाही, मला गाडीत असे हिशोब सुचतात.

म्हणूनच एका मराठी पॉडकास्टचा राग येतो, नाव घेत नाही. आपल्याच भागातला एक पोरगा पाहुणा म्हणून बोलवला, चांगलं बोलत होता, गावच्या यात्रेतला किस्सा रंगात आला होता, तर होस्ट मध्येच म्हणतो, ए तुमच्याकडच्या भाषेत बोलून दाखव ना. अरे तो काय जपानी बोलायला होता का मग! त्यानं बिचाऱ्यानं आवाज बदलून दोन शब्द टाकले, होस्ट म्हणला किती गोड. तिथून तो पोरगा जो आखडला तो शेवटपर्यंत, यात्रेचं काय झालं ते राहूनच गेलं. मी तो किस्सा पुढं कुठं सापडतो का म्हणून दुसऱ्या मुलाखती पण शोधल्या, नाही सापडला.

जाहिरातींची एक तक्रार. अमेरिकेचे लोक गाद्या, चड्ड्या अन् ऑनलाइन समुपदेशन एवढंच विकतात, दर वीस मिनिटाला. कोनन अन् सोना जाहिरातीत पण भांडतात म्हणून ती मी ऐकतो, बाकीच्यांना पुढं ढकलतो.

ज्याला पाहुणेच नको त्यानं इंग्लंडचा कॉमेडियन रिकी जर्व्हेसचा जुना शो ऐकावा, 2005 चा, सुरुवातीला एपिसोडमागं अडीच लाखाच्या वर डाउनलोड म्हणून गिनीजमध्ये गेलेला. त्यात कार्ल पिल्किंग्टन म्हणून एक गडी आहे, तो माकडांच्या बातम्या खऱ्या समजून सांगतो अन् रिकी अन् त्याचा जोडीदार हसून लोळतात. आमच्या हापिसात असे दोन आहेत, त्यामुळं मला फार नवल वाटलं नाही.

मामांचा परवा फोन आला होता. म्हणले जावईबापू, पाडव्याला येणार आहात ना, अन् तुमच्या त्या राक्षसाला विचारून ठेवा, शेपू चालतो का.