कोकणातला प्रवास: सवलत तिकिटाला, पायरी मात्र तेवढीच उंच

दिव्यांग माणसाला घेऊन कोकणात फिरायचं तर चार निरनिराळे हिशेब डोक्यात ठेवावे लागतात. एसटीचा टप्प्यांचा, रेल्वेचा फुगवलेल्या किलोमीटरचा, टोलचा गाडीच्या आरसीचा, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राचा, आणि खाडीवरच्या फेरीबोटीचा. इथे या सेवा मुख्यतः दोन कसोट्यांवर पाहिल्या आहेत: पैसे किती लागतात, आणि आत शिरता येतं का.

पैशाच्या बाबतीत एसटीसारखी उदार कोणी नाही. भाडं 6 किलोमीटरच्या टप्प्याने आकारलं जातं. 13 किलोमीटर गेलात की तीन टप्पे, म्हणजे 18 किलोमीटरचे पैसे. शेजारच्या वाडीचं तिकीट एकदम का वाढतं, याचं उत्तर एवढंच. 25 जानेवारी 2025 पासून भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं, तरी सवलती कायम राहिल्या. महिलांना अर्धं तिकीट, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, 75 पूर्ण झालेल्यांना मोफत, आणि 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना 75 टक्के सूट. 65 टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असेल तर सोबतच्या मदतनीसालाही अर्धं.

घोळ होतो तो सवलत निवडताना. दोन सवलती एकत्र मिळत नाहीत. बाई समोर दिसली की कंडक्टर सवयीने मशीनमध्ये महिला सवलतीचं बटण दाबतो. शंभर रुपयांचं तिकीट धरलं तर दिव्यांग बाईला 25 द्यायचे असतात, तिथे 50 जातात. तिकीट हातात पडल्यावर ते बदलून घेणं म्हणजे मागच्या रांगेची बोलणी खाणं. म्हणून पैसे काढायच्या आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, पुढे करावं आणि "दिव्यांगाचं द्या" असं स्पष्ट सांगावं. वयाची 75 पूर्ण असतील तर उलट करायचं: आधार दाखवून मोफत तिकीटच घ्यायचं. आणि मदतनीस जर बाई असेल तर 65 टक्क्यांची अट विसरूनच जा, तिला महिला म्हणून अर्धं आहेच. ती अट अडते मुलाला, नवऱ्याला, भावाला.

आगाऊ आरक्षण केलं तर आरक्षणाचा आकार सवलतीत धरत नाहीत, मोफतवाल्यांनाही तो भरावा लागतो. सावंतवाडीहून पणजीला जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. महिला सवलत आणि 75 वर्षांवरचा मोफत प्रवास महाराष्ट्राच्या हद्दीपुरता. बांद्याच्या पुढे पूर्ण भाडं लागतं, त्यात कंडक्टरची लबाडी नाही.

आता चढणं. साध्या लाल गाडीची पहिली पायरी उंच, दार अरुंद, रॅम्प नाही. व्हीलचेअरसकट आत जाण्याचा प्रश्नच येत नाही. माणसाला उचलून सीटवर बसवायचं, खुर्ची मिटवून डिकीत किंवा ड्रायव्हरच्या बाजूला ठेवायची. बॅटरीवरची जड खुर्ची असेल तर एसटीचा विचार सोडून द्यावा. फरक पडतो तो गाडी लागते कुठे त्याने. डेपोत गाडी फलाटाला अगदी चिकटून लागली तर फलाटाची उंची कामी येते आणि पहिली पायरी निम्मी होते. हातभर लांब, डबक्यात थांबली तर तीच पायरी दीड होते. "हात दाखवा, एसटी थांबवा" ही सोय धडधाकटांची. उतारावर, गटाराच्या कडेला थांबलेल्या गाडीत कुबड्यांवरच्या माणसाला चढवू नका, दोन किलोमीटर रिक्षाने उलटं जाऊन सुटण्याच्या डेपोतून बसवा. रिक्षाचे पैसे जातात, पण पुढची सीट हमखास मिळते.

कोकण रेल्वेचं तिकीट नकाशातल्या अंतराशी जुळत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ते जुळणारच नाही. रोह्याच्या पुढे या मार्गावर प्रवासी भाड्यासाठी अंतर 40 टक्के वाढवून धरतात, म्हणजे 100 किलोमीटरचे 140. मुंबई ते मडगाव तिकिटावर 765 किलोमीटर असतात, प्रत्यक्ष रूळ सहाशेच्याही आत. बोगदे आणि पुलांनी भरलेला महागडा मार्ग, त्याची वसुली अशी. दिव्यांगांची सवलत या फुगलेल्या भाड्यावर मिळते, म्हणून दुसऱ्या मार्गावरच्या तेवढ्याच अंतराशी तुलना करून उपयोग नाही.

सवलत मात्र चांगली आहे. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग प्रवासी, पूर्ण अंध आणि बौद्धिक दिव्यांग यांना स्लीपर आणि थर्ड एसीला 75 टक्के, सेकंड आणि फर्स्ट एसीला 50 टक्के, आणि सोबत्यालाही तेवढीच. बोलणं आणि ऐकणं दोन्ही नसलेल्यांना स्लीपरला 50 टक्के. ही सूट मूळ भाड्यावर. स्लीपरचे 20 रुपये आरक्षण आणि सुपरफास्टचे 30 रुपये पूर्ण लागतात. तत्काळमध्ये सवलत नाही. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, त्यामुळे एसटीत मोफत जाणारे आजोबा रेल्वेत पूर्ण पैसे भरतात.

इथे फसगत होते ती कार्डाची. एसटीला चालणारं यूडीआयडी घेऊन तिकीट खिडकीवर गेलं की परत यावं लागतं. सवलतीच्या तिकिटासाठी रेल्वेचं स्वतःचं दिव्यांगजन ओळखपत्र हवं. ते रेल्वेच्या दिव्यांगजन पोर्टलवर अर्ज करून, सरकारी डॉक्टरचं सवलत प्रमाणपत्र जोडून मिळतं. त्याचा क्रमांक टाकल्याशिवाय ऑनलाइन सवलत लागत नाही. तिकीट काढताना कोटा "दिव्यांगजन" निवडायला विसरू नका. स्लीपरमध्ये या कोट्यात चार बर्थ असतात, त्यातले दोन खालचे. साध्या कोट्यात काढलं तर सवलत मिळेल, पण वरचा बर्थ पदरात पडू शकतो.

दिव्यांगांसाठीचा राखीव डबा गार्डच्या डब्याला लागून, गाडीच्या टोकाला असतो. दार रुंद, शौचालय मोठं, आत धरायला दांडे. डबा उत्तम आहे. पण कोकणातली कित्येक स्टेशनं लहान, फलाट आखूड आणि ठेंगणे, थांबा दोन मिनिटांचा. टोकाचा डबा फलाटाबाहेर उभा राहिला तर खडीवरून शिडीसारख्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि व्हीलचेअरसाठी तर तो डबा असून नसल्यासारखा. यावर उपाय एकच: लहान स्टेशनाऐवजी चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ अशा मोठ्या स्टेशनावर चढा-उतरा, अर्धा तास आधी स्टेशन मास्तरकडे व्हीलचेअर मागा, आणि गाडी कुठल्या फलाटावर येणार ते तेव्हाच विचारून ठेवा. आयत्या वेळी फलाट बदलला तर जिना ओलांडायला दोन मिनिटं पुरत नाहीत.

टोलबद्दलचा सगळ्यांत मोठा गैरसमज असा, की गाडीत दिव्यांग व्यक्ती बसली म्हणजे टोल माफ. नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या नियमात माफी आहे ती दिव्यांगाच्या वापरासाठी खास बनवलेल्या वाहनाला. म्हणजे नाक्यावर प्रमाणपत्र दाखवून वाद घालण्यात अर्थ नाही, आरसीवर तशी नोंद हवी आणि त्या आधारे महामार्ग प्राधिकरणाकडून सूट असलेला वेगळा फास्टॅग घ्यायला हवा. बँकेचा साधा टॅग काचेवर असेल तर पैसे कापले जाणारच, यंत्राला माणूस दिसत नाही. दुचाकीला टोल नाही, त्यामुळे बाजूला चाकं लावलेल्या स्कूटरवाल्यांना ही चिंता नको.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. 24 तासांत परतलात तर जाऊन-येऊन दीडपट, पण शुक्रवारी निघून रविवारी परतणाऱ्या चाकरमान्याला त्याचा उपयोग शून्य. नाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना खासगी गाडीसाठी त्या नाक्याचा स्थानिक मासिक पास मिळतो, पत्त्याचा पुरावा लागतो. ओसरगाव आणि हातिवले इथे टोलला जो विरोध झाला, त्यात स्थानिकांना पूर्ण माफीची मागणी होती. ऑगस्ट 2025 मध्ये 3,000 रुपयांना सुरू झालेला 200 फेऱ्यांचा फास्टॅगचा वार्षिक पास फक्त राष्ट्रीय महामार्गांवर आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो. अटल सेतूवर तो चालत नाही, तिथे कारला एका बाजूचे 250 आणि परतीसह 375 वेगळे. गणपती आणि शिमग्यालाच गावी जाणाऱ्याने हा पास घेऊ नये. गणपतीत सरकार टोलमाफीचे पास देतंच, तो काचेवर लावून ठेवायचा आणि घरी परतल्यावर फास्टॅगचं स्टेटमेंट तपासायचं.

राहिली खाडीवरची फेरीबोट, आपली जंगलजेटी. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडले, दिघी-आगरदांडा, जयगड-तवसाळ. ती गाड्या नेण्यासाठी बांधलेली. दिव्यांगांचा विचार करून काही केलेलं नाही, आणि तरी व्हीलचेअरला सगळ्यांत सोपी तीच. पुढची फळी धक्क्यावर टेकते, खालचा डेक सपाट, एकही पायरी नाही. ट्रक जातो तिथून खुर्ची जाते. बसायची जागा वर जिन्याने आहे, तिकडे जाण्याचा हट्ट धरू नये, खालीच कडेला ब्रेक लावून थांबावं. अडचण ओहोटीची. पाणी उतरलं की धक्क्याचा उतार लांबतो आणि उघड्या पडलेल्या भागावर शेवाळ असतं. अशा वेळी खुर्ची उलटी फिरवून मागे चालत उतरवावी, मोठी चाकं आधी. गाड्यांच्या आधी चढू द्या म्हणून सांगितलं तर खलाशी नाही म्हणत नाहीत. उतरताना मात्र सगळ्या गाड्या जाऊ द्याव्यात.