गिरणीला चार तारे, आणि पिशवी झटकायची गोष्ट

मी लातुरात डबे देते. क्लासेसची पोरं, दोन-चार नोकरदार. आठवड्याला वीस-बावीस किलो ज्वारी दळून आणावी लागते, तेव्हा गिरणीबद्दल चार शब्द बोलायचा हक्क मला आहे.

आधी दळण. आमच्या गल्लीतले मामा ज्वारीचे डबे एका ओळीनं घेतात, मधेच गहू घालत नाहीत. पीठ बारीक, पण जळका वास नाही. गरम पिठावर लगेच झाकण लावलं तर ओरडतात, घाम सुटून गुठळ्या होतात म्हणून. ज्वारी मालदांडी असो की परभणी मोती, भाकरीची कड फाटत नाही. (पंधरा दिवस ठेवलेल्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, त्याचा राग गिरणीवर काढू नये.) दगडाला टाकी लावली, म्हणजे टाचून खरखरीत केला, की आधी घरचं धान्य घालून कच काढतात, मग गिऱ्हाईकाचा डबा.

वजन जाताना आणि येताना, दोन्ही वेळा. दहा किलोला शंभर-सव्वाशे ग्रॅम घट. दगडाच्या गरमीनं ओल उडते, थोडं पीठ हवेत जातं, ते मान्य. खाली सांडलेलं पीठ गिरणीवाल्याचं, म्हशीला जातं, हा रिवाज आहे. तोही मान्य.

मी आधी जिथं दळायची तिथं दहाला सातशे ग्रॅम कमी यायचं. एकदा झाकण विसरलं म्हणून परत गेले, तर माझा डबा उचलल्यावर पीठ पडायच्या तोंडाची कापडी पिशवी झटकणं चाललं होतं, स्वतःच्या डब्यात. विचारलं तर तिथला गिरणीवाला म्हणाला, "काकू, सगळ्याच गिरणीत असंच असतंय."

हे मी जेवायला वाढताना सांगितलं आणि चूक केली. माझ्याकडं एक पोरगा यूपीएससी करायलाय, नीतिशास्त्राचा २५० मार्कांचा पेपर असतो त्याला. म्हणाला, "मावशी, तो तसा चूक नाही. सांडलेलं त्याचं हा नियम माणसांनीच केला ना? पिशवीतलंही त्याचं असं सगळ्यांनी धरलं, की संपलं."

मी म्हटलं, मग माझे सातशे ग्रॅम परत येतील का? तो हसला. "ते गेले हे खरं. पण ते जायला नको होते हे कुठल्या काट्यावर मोजणार? ह्यूम म्हणून एक तत्त्वज्ञ १७४० सालीच लिहून गेलाय, 'आहे' वरून 'असायला पाहिजे' निघत नाही."

रात्रभर डोक्यात तेच. सकाळी भाकऱ्या थापताना पैठणचे नाथ आठवले. काशीची कावड रामेश्वराला न्यायची, ती तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली. सोबतच्यांना ते पाप वाटलं. सगळ्यांनी धरलेलं तेच बरोबर असेल तर त्या दिवशी नाथ चुकले म्हणायचे. पोरगा म्हणाला, आज तुम्हाला ते पटतंय कारण आजचा समाज तसा आहे. असेल बाबा. पण गाढवाची तहान काही समाजानं ठरवली नव्हती. यावर तो गप्प बसला, पण पटलं म्हणून नाही. त्याचा तोंडी लावायचा ठेचा संपला होता.

आता मामांचं ऐका. मागच्या महिन्यात लाईट मधेच गेली. परत आली तेव्हा त्यांच्या पोरानं आधीच्या बाजरीची पिशवी न झटकताच माझी ज्वारी सोडली. मूठभर बाजरी असेल, मला भाकरीतही कळली नसती. मामांनी चिमूट बोटांत चोळली, माझा डबा बाजूला ठेवला आणि घरची ज्वारी दळून दिली. मी नको म्हणत होते. माझा यूपीएससीवाला पोरगा सोबत होता, त्यानं लगेच विचारलं, "मामा, कुणाला कळलं असतं?"

"कळायचं काय त्यात? ज्वारी आणली त्यांनी, बाजरी देऊ व्हय?" आणि पट्टा चढवायला वळले.

एक तारा का कापला? सुट्टे पैसे कधीच नसतात, उरलेले "पुढल्या दळणात" म्हणतात आणि वहीत लिहीत नाहीत. माझे नऊ रुपये आहेत. अमावास्येला बंद. रविवारी संध्याकाळी जाऊ नका, क्लासेसच्या सगळ्या मेसचे डबे रांगेत असतात.