एमजीबीची बॅटरी केबल आणि माझे गेलेले ६७० पौंड

बॅटरीची एक केबल तुटली. तेवढ्यासाठी माझे ६७० पौंड गेले आणि गाडी पेटता पेटता वाचली. इंग्लंडात जुन्या गाड्या हौसेने सांभाळणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितोय, कारण मला फसवणाऱ्या मेकॅनिकचा नंबर मला आपल्याच मराठी लोकांच्या एका व्हॉट्सॲप गटात मिळाला होता आणि तो तिथे अजून फिरतोय.

गाडी १९७२ ची एमजीबी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. हिच्या बॅटऱ्या बॉनेटखाली नसतात. सीटच्या मागे झाकणाखाली ६ व्होल्टच्या दोन बसवलेल्या असतात आणि तिथून जाड केबल गाडीच्या पोटाखालून पार स्टार्टरपर्यंत जाते. इतकी वर्षं पाऊस आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ खाल्लेली ती केबल. वरचं आवरण धड दिसतं, आत तांबं हिरवं पडून भुगा झालेलं असतं. माझीही तशीच गेली. किल्ली फिरवली की टक् असा आवाज, दिवे मंद, बाकी काही नाही.

पांढऱ्या व्हॅनमधून आलेला हा मेकॅनिक घरी येऊन काम करतो. बोलणं गोड, जुन्या ब्रिटिश गाड्यांची सगळी मॉडेलं तोंडपाठ. तपासणीचे ४५ पौंड लावले. मग स्टार्टर जळलाय म्हणाला, पार्ट मागवायला २१० आधीच बँकेतून पाठवायला लावले. केबलचे १४०, मजुरी १८०. आणि ‘पोलॅरिटी बदलायचे’, म्हणजे बॅटरीची अधिक-वजा टोकं उलटी जोडायचे, ९५.

त्या ९५ पौंडांपाशीच सगळं उघडं पडायला हवं होतं. ते बोलणं अजून कानातून जात नाही. “तुमची गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणूनच केबल गेली, आता सगळं उलटं जोडावं लागेल.” एमजीबी पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेली, होती ती १९६७ पर्यंत. पुढे अल्टरनेटर आला आणि त्याबरोबर निगेटिव्ह अर्थ. बॅटरीचं झाकण उघडंच होतं, वजा टोकाची केबल बॉडीला बोल्ट केलेली माझ्या डोळ्यांसमोर होती. मी विचारलंही, “ही तर ७२ ची ना?” त्याने व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, आधीच्या मालकाने फिरवून ठेवलंय. आता या गाड्यांचं वायरिंग आधीचे मालक खरोखरच वाटेल तसं बदलून ठेवतात, हे जुनी गाडी घेतलेल्या कुणालाही विचारा. मी इलेक्ट्रिशियन नाही. पैसे मोजून ज्याला बोलावलं त्याच्या शब्दावर विसंबलो, यात माझं काय चुकलं? लबाडी त्याने केली.

गाडी सुरू झाली आणि उरलेले ४६० त्याने रोख मागितले. पावती मेसेजवर पाठवतो म्हणाला, ती आलीच नाही. जुनी केबल मागितली तर “टाकून दिली”. जुना स्टार्टर म्हणे बदल्यात परत द्यावा लागतो. ही पद्धत खरी आहे, म्हणून तर पटलं. तुम्ही मात्र जुना पार्ट हातात आल्याशिवाय एक पेनी सोडू नका. निदान नव्यावरचा नंबर आणि जुन्याचा फोटो तरी घ्याच.

पुढे एका सकाळी स्टार्टर मारताना चोकला हात लावला तर चटका बसला, आणि डॅशबोर्डखालून धूर. इंजिनातून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी त्याने काढली होती आणि परत लावलीच नव्हती. ती नसली की स्टार्टरचा एवढा मोठा करंट परतायला दुसरी वाट शोधतो आणि चोकच्या, ॲक्सिलरेटरच्या बारीक तारेतून जातो. शिवाय स्टार्टरच्या मुख्य केबलला फ्यूज नसतो. गाडीत माझी मुलगी बसली होती.

दुसऱ्या मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली. केबल तीच जुनी. तुटलेल्या जागी दुसऱ्याच वायरचा तुकडा पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. ‘नवा’ स्टार्टर म्हणजे माझाच जुना, चिखलासकट काळा रंग फासलेला. खरी नवी केबल ३२ पौंडांना आली.

दहा-पंधरा पौंडांचा मल्टिमीटर घेऊन ठेवा. कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा, एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकावर, दुसरा स्टार्टरच्या टर्मिनलवर. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर दोष त्या वाटेत, म्हणजे केबलमध्ये नाहीतर जोडांमध्ये आहे. त्यासाठी स्टार्टर बदलायची गरज नाही.

आणि मग तक्रारीचं सुरू झालं. ग्राहकांच्या हेल्पलाइनवर तासन्‌तास संगीत ऐकलं, शेवटी संदर्भ क्रमांक मिळाला. त्यांनी प्रकरण कौन्सिलच्या खात्याकडे कळवलं. त्या खात्याशी आपल्याला थेट बोलता येत नाही आणि ते एकेकट्याचं प्रकरण हातात घेत नाहीत. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. टेप गुंडाळलेल्या केबलचा फोटो दाखवला, त्यांनी तो पाहिलाही नाही. बँकेत गेलो. ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवून ट्रान्सफर करून घेतलेले पैसे बँकांना परत द्यावे लागतात, पण त्यातून दिवाणी वाद वगळलेत, म्हणून माझ्या २१० वर फुली. माणूस सर्रास रंग फासून जुना स्टार्टर विकतो आणि प्रत्येक टेबलावर त्याला ‘वाद’ म्हणतात! वाद कसला? ही चोरी आहे. चाळीस वर्षांपुढच्या गाड्यांना एमओटीची, म्हणजे दरवर्षीच्या सरकारी तपासणीची, सक्ती नाही, म्हणजे गाडीखाली दरवर्षी कुणी बघणारही नाही. अशा माणसांचं फावतं ते यामुळेच.

१०० पौंडांच्या वरचं काम असेल तर क्रेडिट कार्डानेच पैसे द्या. १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याचं ७५ वं कलम तुमच्या बाजूने उभं राहतं. कार्ड न घेणारा मेकॅनिक दारातूनच परत पाठवा. आणि काम सुरू व्हायच्या आधी त्याचा पत्ता लिहून घ्या, नुसता मोबाइल नंबर नको.

पत्त्यावरच माझं अडलंय. छोट्या दाव्यांच्या कोर्टात ६७० च्या दाव्याला ७० पौंड फी आहे, ती भरायला मी तयार आहे, पण नोटीस पाठवायची कुठे? ट्रान्सफरची नोंद, मेसेज, व्हॅनचा फोटो, दुसऱ्या मेकॅनिकचं लेखी मत, सगळं माझ्याकडे आहे. त्याच्याकडून काम करून घेतलेलं आणखी कुणी असेल आणि तो राहतो कुठे हे माहीत असेल, तर मला कळवा. आणि गटातून त्याचा नंबर आजच्या आज काढून टाका.