पवना की भंडारदरा? धरणाच्या पाण्याकाठी, एकट्याने, एका रात्रीसाठी

पुण्याहून दुपारी निघालात तरी पवनेचा सूर्यास्त हाती लागतो. तुंग किल्ल्याचा सुळका काळा पडत जातो आणि पाणी तांबूस. जेवणाची चिंता नाही. पण शनिवारी रात्रभर स्पीकर, पाण्यात तंबूंच्या दिव्यांच्या रांगा.

भंडारदरा लांब. १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचं हे पाणी. हिवाळ्यात शेंडी गावाकडून पाहिलं तर सूर्य पलीकडे रतनगडाच्या रांगेमागे उतरतो. पहाटेसाठी मात्र रतनवाडी गाठावी: पूर्वेला तोंड, पाण्यावर वाफ, काठाला पालथी घातलेली होडी. लेन्सवर दव धरतं. माझे पहिले वीस फोटो धुरकट गेले, तेव्हापासून खिशात सुती फडकं असतंच.

मी भंडारदराच निवडेन. पवनेला गेलोच, तर आडवारी.