आठ महिने फोर-बाय-फाइव्हवर: कॅमेरा घ्या, पण भाता आधी तपासा

फोर-बाय-फाइव्ह म्हणजे चार बाय पाच इंचांच्या सुट्या फिल्म-शीटवर फोटो काढणारा मोठा कॅमेरा. काल त्या शीटची माझी तिसरी पेटी संपली. २५ शीटच्या तीन पेट्या, म्हणजे ७५ निगेटिव्ह, आणि त्यांतल्या १९ वर एकाच जागी तोच धुरकट डाग. शीट फिल्म किती महाग पडते हे वापरणाऱ्यांना सांगायला नको. कॅमेऱ्याच्या कौतुकानं सुरुवात करायची असं ठरवलं होतं, पण या १९ शीट डोळ्यांसमोरून हलत नाहीत, त्यामुळे आधी भात्याबद्दल, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामधल्या घड्या-घड्यांच्या काळ्या नळीबद्दल.

कॅमेरा माझा नाही. प्रगत छायाचित्रण हा विषय घेतला की कॉलेजच्या स्टोअरमधून तो सत्रभरासाठी मिळतो: मोनोरेल (पुढचा-मागचा भाग एकाच दांडीवर सरकणारा कॅमेरा), १५० मिमीची लेन्स, सहा होल्डर (शीट ठेवायच्या चपट्या चौकटी). ताब्यात घेताना मी लेन्सवर ओरखडे नाहीत ना ते पाहिलं, शटर प्रत्येक वेगावर वाजवून ऐकलं, ग्राउंड ग्लासला, म्हणजे फोकस बघायच्या मागच्या दुधी काचेला, तडा नाही याची खात्री केली. भात्याकडे बघायचं मला सुचलं नाही. वर्गातही कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

डाग सुरुवातीला डाग वाटलाच नाही. प्रिंटमध्ये आकाशाच्या डाव्या कोपऱ्यात थोडा पांढुरका उजेड दिसायचा, इतकंच. वर्गात कामावर चर्चा होते त्या क्रिटिकच्या तासाला सरांनी विचारलं, "आकाश इथेच का उजळलंय?" मी म्हटलं, "सर, सकाळचं धुकं होतं." मला खरोखर तसंच वाटत होतं. पुढच्या आठवड्यात भर दुपारी, निरभ्र आकाशात काढलेल्या शीटवरही तेच धुकं आलं.

स्टोअरमध्ये निगेटिव्ह दाखवली तर उत्तर मिळालं, "डेव्हलप करताना ट्रे नीट हलवत नसाल." मी ते मनापासून मानलं. डी-७६ डेव्हलपर पाण्यात एकास एक, तापमान काटेकोर २० अंश, शीट उलटसुलट करण्याची लय घड्याळ लावून. तीन आठवडे त्यात गेले आणि डाग जागचा हलला नाही. होल्डरवर मी आकडे घातले होते. सहाही होल्डरमधल्या शीटवर डाग, म्हणजे दोष होल्डरचाही नव्हता.

उलगडा वहीमुळे झाला. प्रत्येक शीटची नोंद ठेवायची सक्ती या विषयात आहे आणि आधी मला तिचा कंटाळा होता. नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्यावर दिसलं, की डागाचा शटरच्या वेळेशी संबंधच नाही. १/६० सेकंदाची शीट जास्त डागाळलेली, एका सेकंदाची कमी. फरक होता डार्क स्लाइड, म्हणजे होल्डरमधल्या फिल्मवरचं सरकतं झाकण, किती वेळ बाहेर होती याचा. ढग सरकायची वाट बघत मी दोन-दोन मिनिटं स्लाइड काढून उभी राहत होते, आणि तेवढा वेळ उजेड आत झिरपत होता.

मग एक शीट मुद्दाम खर्च केली. कॅमेरा उन्हात, शटर बंद, स्लाइड काढून दोन मिनिटं, स्लाइड परत. शटर दाबलंच नाही. डेव्हलप केल्यावर कोऱ्या फिल्मवर फक्त तो डाग उमटला होता. त्या संध्याकाळी डार्करूममध्ये सगळे दिवे घालवून भात्याच्या आत टॉर्च ठेवला आणि भाता पूर्ण ताणला. वरच्या डाव्या कोपऱ्यात, पुढून चौथ्या घडीला, दोन ठिपके चमकले. भाता मिटलेला असला की घडीत ते झाकले जातात. तिथून आत आलेला उजेड फिल्मच्या खालच्या उजव्या बाजूला पडतो, आणि प्रतिमा उलटी असल्यामुळे प्रिंटमध्ये ती जागा आकाशाचा डावा कोपरा होते. सगळं जुळलं. आनंद झाला आणि १९ शीटसाठी रडूही आलं.

दुरुस्ती: आधी काळी कापडी चिकटपट्टी लावली. घडीच्या कोपऱ्यावर ती तिसऱ्या आठवड्यात सुटली. मग लवचीक काळा रबरी रंग, आतून, अगदी पातळ तीन थर, आणि वाळेपर्यंत भाता ताणलेलाच ठेवला, नाहीतर घड्या एकमेकींना चिकटतात. तीन महिने टिकला आहे. तरीही स्लाइड बाहेर असताना काळं कापड भात्यावर टाकते. त्याला खर्च नाही.

आता कॅमेऱ्याबद्दल. दुसऱ्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, घेऊ नका. आता तसं म्हणत नाही. प्रत्येक शीट स्वतंत्र डेव्हलप करता येते, हे रोल फिल्मवर शक्यच नाही. अॅन्सल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांची झोन पद्धत (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा पायऱ्यांत, म्हणजे झोनमध्ये, वाटून एक्स्पोजर ठरवणं) मी रोलवर असताना पाठ केली होती. ती समजली इथेच. सावलीचं मीटर घ्यायचं, दोन स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) कमी करून ती तिसऱ्या झोनवर ठेवायची, आणि उजेड फार तीव्र असेल तर तेवढ्याच एका शीटची डेव्हलपिंगची वेळ कमी करायची. पहिल्यांदा ते जमलं तेव्हा सावलीतल्या दगडाचा पोत आणि पांढरी भिंत दोन्ही एका प्रिंटवर आले आणि मी तो प्रिंट ओलाच हातात धरून उभी होते.

टिल्टचंही, म्हणजे लेन्स तिरकी करण्याचंही, तसंच. लेन्स तिरकी केली की फोकस कुठे बसतो हे सांगणारा शाइम्फ्लुगचा नियम फळ्यावर तीन रेषांचा असतो. काळ्या कापडाखाली, भिंगातून, पायाजवळचं गवत आणि दूरची टेकडी एकदमच नेमकी होताना पाहणं वेगळं. त्यामुळे लेन्सचं छिद्र एफ/६४ पर्यंत लहान करायची गरजही पडत नाही. एवढ्या लहान छिद्राला विवर्तनानं (उजेड कडेला वाकून पसरल्यानं) चित्र मऊ होतं. माझ्या चांगल्या शीट बहुतेक एफ/२२ च्या आहेत. जवळचं काढताना मात्र भात्याची लांबी मोजा: १५० मिमीच्या लेन्सवर ती ३०० झाली की उजेड चौथ्या हिश्शावर येतो, दोन स्टॉप वाढवावे लागतात. त्यात माझ्या चार शीट गेल्या, पण ती चूक माझी होती.

स्टोअरनं शीट भरून द्यायला नकार दिला. "जुना कॅमेरा आहे, असं व्हायचंच," एवढंच उत्तर. मी चाचणीची शीट आणि टॉर्चचा फोटो दोन्ही दाखवले होते. अर्ज विभागप्रमुखांकडे दिला आहे. महिना झाला, उत्तर नाही. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये 'परत देताना स्थिती' असा एक रकाना असतो. वरपासून खालपर्यंत सगळ्यांनी त्यात 'ठीक' लिहिलं आहे. मी लिहिलं: भात्याला दोन छिद्रं, वरचा डावा कोपरा, पुढून चौथी घडी, आतून बुजवली आहेत, नेण्याआधी अंधारात टॉर्च लावून बघावं.